बांध कुणासाठी घालायचा?



सकाळी अंथरुणातून पाय खाली टेकवण्याआधी जमिनीला हात लावून क्षमा मागावी, हे आपल्यापैकी अनेकांना आईने किंवा आजीने शिकवले आहे. इथे सेंट लुईसला मुलीच्या घरी कार्पेटवर पाय ठेवतानाही माझा हात सवयीने खाली जातो. पूर्वी तो नुसता जायचा. गेली दोन वर्षे क्षमा मागताना एक ठरावीक जागा डोळ्यांपुढे येते. ती म्हणजे धाराशिव जिल्ह्यातल्या माझ्या नऊ एकर रानाचा वरचा कोपरा.

सेवा निधीच्या यंदाच्या आवाहनाबरोबर मातीच्या धुपेवर एक सोपा पाठ लिहा, असे विश्वस्तांनी मला सांगितले. माझी सगळी नोकरी मृदसंधारणाच्या कामात गेली म्हणून हे काम माझ्याकडे आले. पण या विषयावर लिहायचे तर आधी स्वतःची चूक सांगणे मला भाग आहे.

माझी चूक

१९७२च्या दुष्काळात मी तेवीस वर्षांचा होतो. गावोगावी बंडिंगची कामे निघाली होती आणि मी त्या कामांवर नोकरीला लागलो. उन्हात उभे राहून लोकांना सांगायचो, "बांध घाला, उताराला आडवे पेरा, दरवर्षी तेच पीक घेऊ नका." तीस-बत्तीस वर्षे हेच सांगितले. निवृत्तीनंतर पत्नी गेली आणि २००९ साली मी इकडे आलो. रान खंडाने दिले. दर पाडव्याला भाऊबंदांपैकी कुणी तरी फोन करायचे, जो जास्त खंड देईल त्याचे नाव सांगायचे आणि मी हो म्हणायचो. कूळ लागेल या भीतीने एकाच माणसाकडे सलग दोन वर्षे रान राहू द्यायचे नाही, असेही मीच ठरवले होते.

दोन वर्षांपूर्वी वेळ अमावास्येला गावी गेलो. ज्यांना हा सण ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. लातूर, धाराशिव आणि सोलापूरच्या काही भागात मार्गशीर्षातल्या अमावास्येला सगळे गाव रानात जेवायला जाते. कडब्याची कोप करतात, तिच्यात पाच दगड मांडून त्यांना पांडव म्हणून पुजतात आणि पिकावर आंबील शिंपडतात. जेवणात बाजरीचे उंडे आणि भज्जी असते. ही भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हे. तुरीचे, पावट्याचे, वाटाण्याचे ओले दाणे, शेंगदाणे, हरभऱ्याचा पाला, मेथी, जे जे रानात असेल ते एका भांड्यात शिजवायचे.

पान वाढताना वहिनी म्हणाली, "भावजी, हरभरा तेवढा रानातला हाय. बाकी सगळं बाजारातून आणलंय."

ते ऐकले आणि जेवण झाल्यावर रान फिरायला निघालो. पंधरा वर्षे प्रत्येकाने पावसाळ्यात सोयाबीनच घेतले होते. खालच्या काळ्या रानात मागून हरभरा होता, वरचे हलके रान मात्र उघडे पडले होते. एक-एक तास वाढवायच्या नादात दोन्ही बाजूंनी बांध कोरला गेला होता. सांडव्याचे दगड निसटले होते आणि तिथून खाली मला गुडघाभर खोल घळ दिसली. वरच्या कोपऱ्यात बोरीच्या झाडाजवळ, पाण्याच्या वाटेवर, मुळ्या चार बोटे उघड्या पडल्या होत्या. त्याच झाडाखाली माझे वडील पांडव मांडायचे. वर पांढरट मुरूम चमकत होता.

त्या साली रान करणारा तरुण बरोबर होता. मी जुन्या अधिकाऱ्याच्या आवाजात त्याला विचारले, "अरे, बांध का नाही नीट केलास?"

तो शांतपणे म्हणाला, "तात्या, फुडच्या साली हे रान माझ्याकडं ऱ्हाईल का न्हाई, मला ठाव न्हाई. बांध कुणासाठी घालू?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. नांगर त्याने धरला होता, पण माती मी वाहून जाऊ दिली होती.

मिझुरीतले सात पट्टे

इकडे परत आल्यावर नातवाला सोडायला कोलंबियाला गेलो. तो तिथल्या विद्यापीठात शिकतो. माझ्या विषयातली एक जुनी जागा तिथेच आहे, हे मला नोकरीपासून ठाऊक होते. १९१७ साली मिझुरी विद्यापीठात मिलर आणि ड्यूली या दोन प्राध्यापकांनी एका हलक्या उतारावर सात लहान पट्टे आखले. प्रत्येक पट्टा साधारण ९० फूट लांब आणि ६ फूट रुंद होता. उतार शंभर फुटांत चार फुटांहूनही कमी, म्हणजे नुसत्या डोळ्यांना सपाटच वाटावा इतका. प्रत्येक पट्ट्याच्या खालच्या टोकाला हौद बांधला. पाऊस पडला की हौदात येणारे पाणी आणि गाळ मोजायचा, एवढेच काम. ती जागा आता राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ मानली जाते.

पहिल्या चौदा वर्षांची सरासरी आजही मृदशास्त्राच्या पुस्तकांत दिली जाते. काही न पेरता नांगरून उघड्या ठेवलेल्या पट्ट्यातून दरवर्षी एकरी ४० टनांहून जास्त माती गेली. दरवर्षी मकाच घेतलेल्या पट्ट्यातून सुमारे २० टन गेली. मका, मग गहू, मग क्लोव्हर अशी फेरपालट केलेल्या पट्ट्यातून पावणेतीन टनांच्या आसपास गेली. क्लोव्हर म्हणजे आपल्या लसूणघासासारखा द्विदल चारा. आणि ज्या पट्ट्यावर कायम गवत होते तिथून अर्धा टनसुद्धा गेली नाही.

जमीन तीच, पाऊस तोच, उतार तोच. फरक फक्त पिकांच्या क्रमाचा होता. वीस टन म्हणजे किती? एक एकरावरचा एक मिलिमीटर जाडीचा थर काढला तर तो साधारण पाच टन भरतो. म्हणजे सतत मका घेतलेल्या पट्ट्यावरून चौदा वर्षांत जवळजवळ दोन इंच माती गेली आणि फेरपालटीच्या पट्ट्यावरून पाव इंच. मी रान खंडाने दिले त्यालाही साधारण तितकीच वर्षे झाली होती.

त्याच विद्यापीठात १८८८ पासून चालू असलेले दुसरे प्रयोगक्षेत्र आहे, सॅनबॉर्न फील्ड. शंभर वर्षांनी तिथे वरच्या मातीचा थर मोजला. कायम गवत असलेल्या पट्ट्याच्या तुलनेत सतत मक्याच्या पट्ट्यावर निम्म्याहून कमी माती शिल्लक होती, तर फेरपालटीच्या पट्ट्यावर सुमारे ७० टक्के.

भारतातल्या धुपीचा १९८०च्या दशकात केलेला अंदाज हेक्टरी वर्षाला सरासरी १६ टनांच्या वर जातो. थराच्या हिशेबात तो सव्वा मिलिमीटर, म्हणजे आपल्या खिशातल्या डाइमच्या नाण्याच्या जाडीएवढा. एका वर्षात डोळ्यांना काही दिसत नाही. म्हणूनच घात होतो. नाण्यावर नाणे ठेवीत गेले तर पंधरा वर्षांनी चळत किती उंच होते ते पाहा.

फेरपालट माती कशी धरते

पावसाचा थेंब उघड्या जमिनीवर आपटला की ढेकूळ फुटते. सुटलेले बारीक कण मातीची छिद्रे बुजवतात आणि जमिनीवर पातळ पापुद्रा बसतो. पाणी आत मुरायचे थांबते, वरून धावू लागते आणि सुटलेले कण घेऊन जाते. आधी हा गढूळ थर सगळ्या रानावरून जातो, मग बारीक ओघळ पडतात, मग घळ होते. घळ दिसते तेव्हा बराच काळ उलटून गेलेला असतो.

फेरपालटीने तीन गोष्टी साधतात. पहिली, वेगवेगळी पिके वेगवेगळ्या वेळी जमीन झाकतात, त्यामुळे जोराच्या पावसात रान उघडे सापडत नाही. दुसरी, मुळे वेगवेगळ्या खोलीवर जातात. तुरीचे सोटमूळ खोल जाते, ज्वारी-बाजरीच्या तंतुमुळ्या वरची माती जाळ्यासारखी धरतात. तिसरी, पाला, धसकटे आणि मुळे कुजून मातीचे कण एकमेकांना चिकटून राहतात. आपल्या शेतकऱ्यांनी याला जुना शब्द ठेवला आहे, बेवड. हरभऱ्याचा बेवड चांगला असे म्हणतात तेव्हा, हे पीक मागच्या पिकासाठी रानात काही ठेवून गेले, असा अर्थ असतो. कडधान्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरतात, तो त्या ठेव्याचा एक भाग.

इथे एक सावधगिरी. सोयाबीनही द्विदल आहे, मग दरवर्षी तेच घेतले तर काय बिघडले, असे मला खूप जण विचारतात. सोयाबीनचा पाला काढणीआधीच गळतो आणि लवकर कुजून जातो. मागे काडीकचरा थोडाच उरतो आणि रान भुसभुशीत राहते. अमेरिकेतल्या शेतकऱ्यांनाही हा अनुभव आहे. सोयाबीन काढलेले रान मका काढलेल्या रानापेक्षा लवकर धुपते. म्हणून सोयाबीन फेरपालटीत घ्यावे, पण सोयाबीनमागून पुन्हा सोयाबीन घेणे ही फेरपालट नव्हे.

आपल्याकडच्या रानासाठी

भारी काळ्या रानात शाळू घ्यायचा म्हणून सगळा पावसाळा रान उघडे ठेवून कुळवत राहायची आपल्याकडे जुनी रीत होती. ओल साठावी हा हेतू चांगला, पण सर्वांत जोराचा पाऊस सर्वांत उघड्या जमिनीवर पडायचा. मिझुरीतला चाळीस टनांचा पट्टा आठवावा.

हैदराबादजवळ पाटणचेरू येथे इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था आहे. तिथे १९७६ पासून अशाच काळ्या रानात दोन पद्धती शेजारी शेजारी चालवल्या आहेत. एकीकडे जुनी रीत, म्हणजे पावसाळ्यात रान रिकामे आणि मग रब्बीचे पीक. दुसरीकडे हलका उतार देऊन रुंद वरंबे आणि सऱ्या, पावसाळ्यात पीक आणि जोडीला तूर. जुन्या रीतीत हेक्टरी वर्षाला सहा टनांहून जास्त माती गेली, दुसरीत दीड टनाच्या आसपास. धान्य जुन्या रीतीत हेक्टरी सुमारे एक टन, दुसरीत सुमारे पाच टन. माती राखल्याने पोट उपाशी राहत नाही, हे यातून कळते.

आपल्या गावाकडच्या रानाला लागू पडतील अशा गोष्टी थोडक्यात सांगतो.

१. पावसाळ्यात रान उघडे ठेवू नये. भारी रानात आधी मूग किंवा उडीद आणि मागून शाळू, असा क्रम पावसाची साथ असेल तिथे बसतो.

२. हलक्या रानात बाजरीच्या दोन ओळींमागे तुरीची एक ओळ घ्यावी. सोयाबीन घ्यायचेच तर त्यातही तुरीच्या ओळी असाव्यात. सोयाबीन निघून गेल्यावरही तूर डिसेंबर-जानेवारीपर्यंत उभी राहते.

३. नांगरट, पेरणी, कोळपणी उताराला आडवी करावी. ट्रॅक्टरवाल्याला लांब तास सोयीचे पडतात, म्हणून तो उताराच्या दिशेने पेरतो. मग प्रत्येक तास पाण्याची नाली होतो. आडव्या तासांत मात्र प्रत्येक सरी छोटा बांध होते.

४. बांधाला सांडवा हवाच. सांडवा नसलेला बांध पहिल्या मोठ्या पावसात फुटतो आणि साठलेले सगळे पाणी एकाच जागेतून माती घेऊन जाते. भारी काळ्या रानाला उन्हाळ्यात भेगा पडतात, त्यामुळे तिथे पाणी अडवून ठेवणाऱ्या बांधापेक्षा हलक्या उताराने पाणी बाहेर काढणारा बांध टिकतो.

५. बांधावर मारवेलसारखे गवत लावावे. माती धरली जाते आणि जनावराला चारा होतो.

६. धसकटे, पाचट, काडी पेटवू नये.

घरी करून पाहण्याचा प्रयोग

नातवंडांना घेऊन हा प्रयोग करावा. दोन काचेचे ग्लास पाण्याने भरा. एकात परसातल्या गवताखालची लिंबाएवढी वाळलेली ढेकूळ हलकेच सोडा आणि दुसऱ्यात सतत खणल्या जाणाऱ्या, उघड्या वाफ्यातली तेवढीच वाळलेली ढेकूळ सोडा. हलवू नका. बहुतेक वेळा उघड्या वाफ्यातली ढेकूळ काही मिनिटांत ढासळून पाणी गढूळ करील आणि गवताखालची बराच वेळ आकार धरून राहील. मुळांनी आणि कुजलेल्या पाल्याने माती कशी बांधून ठेवली आहे, हे मुलांना दहा मिनिटांत कळते. मी हा प्रयोग नातवापुढे केला, तेव्हा तो म्हणाला, "आजोबा, मग तुमच्या शेतात गवत का नाही लावलं?" मुले नेमका प्रश्न विचारतात.

इथे बसून आपण काय करू शकतो

आपल्यापैकी अनेकांच्या नावावर गावाकडे दोन, पाच, दहा एकर आहेत. भाऊ, पुतण्या किंवा परका माणूस ती करतो. आपण वर्षातून एकदा फोनवर "खंड किती आला?" एवढे विचारतो. बांध आहे का, हा प्रश्न मी पंधरा वर्षांत एकदाही विचारला नव्हता.

त्या अमावास्येनंतर मी तालुक्याला जाऊन वकिलांशी बोललो. कूळकायद्याची भीती सगळीच खोटी नसते, म्हणून लेखी काय करायचे ते त्यांच्या सल्ल्याने केले. आपणही सल्ल्याशिवाय काही लिहून देऊ नये. पण पुढचे ठरवायला वकील लागला नाही. तोच तरुण रान करीत राहील, असे त्याला सांगितले. खंड कमी केला. बदल्यात दोन अटी घातल्या, वरच्या तीन एकरांत बाजरी-तूर घ्यायची आणि कुठल्याही तुकड्यात लागोपाठ दोन वर्षे सोयाबीन नको. बांधाची दुरुस्ती आणि सांडव्याच्या दगडी कामाचा खर्च मी दिला. रान माझे, तर बांधही माझाच.

तेव्हापासून दोन पावसाळे झाले. गेलेली माती परत आली नाही, ती माझ्या हयातीत येणारही नाही. पण घळ पुढे सरकायची थांबली आहे. मोठा पाऊस झाला की तो तरुण सांडव्यावरचे पाणी बाटलीत भरतो, रात्रभर ठेवतो आणि तळाशी बसलेल्या गाळाचा फोटो मला पाठवतो. पहिल्या पावसाळ्यातला थर मोठा होता, गेल्या पावसाळ्यातला त्याहून पातळ आहे. मुरूम अजून दिसतो, पण त्यावर तुरीचा पाला पडलेला असतो. गेल्या वेळ अमावास्येला वहिनीने फोनवर सांगितले, "औंदा तूर बी रानातलीच हाय."

आपणही या आठवड्यात गावी फोन करून एवढे विचारावे. या साली काय पेरले, गेल्या साली काय होते? तास आडवे आहेत की उभे? बांध आणि सांडवा शाबूत आहेत का? रान करणाऱ्याला पुढच्या साली तोच असेल याचा भरवसा आहे का? शेवटचा प्रश्न त्यालाच विचारावा, भावाला नव्हे.

सेवा निधीसाठी आवाहन

दुष्काळ पडला की आपले मंदिर दरवर्षी चारा आणि पाण्याच्या टँकरसाठी मदत पाठवते. ते चालूच राहील. यंदा विश्वस्तांनी माझी विनंती मान्य करून सेवा निधीचा एक भाग वेगळा ठेवला आहे. ज्या घरांत कर्ता पुरुष राहिलेला नाही आणि बाई एकटीने कोरडवाहू रान करते, अशा घरांच्या बांधांची व सांडव्यांची दुरुस्ती आणि तूर, मूग, बाजरीचे बियाणे यासाठी तो वापरला जाईल. काम पावसाळ्याआधी व्हायला हवे, म्हणून देणगी अक्षय्य तृतीयेपर्यंत पोचावी. परदेशातून भारतातल्या संस्थांना देणगी पाठवण्याचे वेगळे नियम आहेत, त्यामुळे परस्पर न पाठवता कृपया मंदिराच्या कार्यालयातच द्यावी आणि पावती घ्यावी. कुणी पाच डॉलर दिले तरी त्यांचा सांडव्याला दगड लागेल.

ज्यांना पैसे देणे जमणार नाही त्यांनी वेळ द्यावा. दर महिन्याच्या तिसऱ्या रविवारी आरतीनंतर मी सभागृहात बसणार आहे. आपल्या रानाचा सातबारा आणि असेल तर फोटो घेऊन या. उतार कुठे, पाणी कुठून वाहते, कोणत्या पिकामागे कोणते घ्यावे, हे आपण कागदावर आखू आणि तिथूनच गावी फोन लावू. ऐकू कमी येणाऱ्यांसाठी बोलायला माझा नातू असेल.

त्या तरुणाच्या प्रश्नाला मी तेव्हा उत्तर देऊ शकलो नाही. आता दर पाडव्याला फोन मीच करतो आणि आधी एवढेच सांगतो, "औंदाही रान तुझ्याकडेच आहे. बांध बघून घे."